बाप्तिस्माकुंडाला लागलेला लोणा

पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्या तरी देवळातल्या मूर्तीला घाम फुटल्याची बातमी येते आणि दर्शनाला रांग लागते. तसाच घाम इंग्लंडमधल्या पडक्या मठांच्या चर्चमध्ये उभ्या असलेल्या दगडी बाप्तिस्माकुंडांनाही, म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायच्या कुंडांनाही फुटतो. पाऊस नसतो, तरी कुंडाचा पाया ओला आणि काळपट दिसतो. चार दिवस कोरडं वारं सुटलं की त्याच जागी पांढरी लव उगवते. जुन्या घराच्या भिंतीवरच्या अशा लवेला आपण लोणा म्हणतो. घाम आणि लोणा ही एकाच क्षाराची दोन रूपं आहेत, आणि दगडाला आतून पोखरतो तोही हाच क्षार.

आधी हे कुंड मठात आलं कसं ते पाहू. प्रायरी म्हणजे प्रायर या मठप्रमुखाच्या देखरेखीखालचा मठ. संन्याशांच्या घरी बारसं नसतं, त्यामुळे निव्वळ मठाच्या चर्चला बाप्तिस्माकुंड लागत नाही. ते असेल, तर चर्चचा लांबट मुख्य भाग गावाच्या उपासनेसाठी होता असं बहुधा समजावं. कोल्चेस्टरची सेंट बोटोल्फ प्रायरी हे त्याचं चांगलं उदाहरण. राजा आठव्या हेन्रीने 1536 पासून मठ मोडायला घेतले तेव्हा तिथला हा भाग गावाचं चर्च म्हणून तगला, आणि यादवी युद्धात कोल्चेस्टरला पडलेल्या 1648 च्या वेढ्यात पडला. छत गेलं की आतलं सगळं उघड्यावर येतं. काही चर्चमधली कुंडं पुढे शेतावर गेली. कुणाची गुरांना पाणी पाजायची डोण झाली, कुणात फुलझाडं लागली. दगडाच्या दृष्टीने हे फार वाईट, कारण शेण, मूत्र आणि खत यांतले नायट्रेट क्षार थेट त्याच्या अंगात मुरतात.

कुंडाचा काठ जवळून पाहिला तर बऱ्याचदा समोरासमोर दोन ठिकाणी कपचे उडालेले दिसतात, आणि एखाद्या भोकात शिशाचा राखाडी गोळा अजून अडकलेला असतो. आशीर्वादित पाणी तेव्हा कुंडात साठवून ठेवत, आणि लोक ते चोरून जादूटोण्यासाठी नेत. म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी 1236 मध्ये कुंडाला कुलूपबंद झाकण सक्तीचं केलं. काठाला भोक पाडायचं, त्यात लोखंडी कडी उभी करायची आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं, अशी रीत होती. शिसं थंड होताना आकसतं, बारीक फट राहते, पाणी लोखंडापर्यंत पोहोचतं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काठ फुटतो. झाकण उचकटताना उडालेले कपचे वेगळेच. जादूटोण्याच्या भीतीने दगडाचं केलेलं हे नुकसान आठशे वर्षांनंतरही मोजता येतं.

बाराव्या-तेराव्या शतकात डॉर्सेटमधल्या परबेक दगडाची कुंडं फार खपली. चौकोनी भांडं, त्याच्या बाजूंवर उथळ कमानींची ओळ, चार कोपऱ्यांना बारीक खांब आणि मधे जाड खांब, असा त्यांचा ठरलेला घाट. मधल्या खांबातून पाणी जमिनीत सोडायला भोक असतं. या दगडाला परबेक मार्बल म्हणतात, पण तो संगमरवर नव्हे. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांनी भरलेला हा चुनखडक आहे, पॉलिश घेतो म्हणून ते नाव. शिंपल्यांमध्ये मातीचे पदर असतात. ते ओलीने फुगतात, वाळले की आकसतात, आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. वालुकाश्माचं दुखणं वेगळं. लिंडिसफार्न बेटावरच्या प्रायरीचा लालसर वालुकाश्म समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखा कोरला गेला आहे.

आता क्षाराकडे. दगडात केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं. दिव्याची वात तेल ओढते तसं ते जमिनीतलं पाणी वर ओढतं, सोबत विरघळलेले क्षारही. पृष्ठभागावर पाणी उडून गेलं तर क्षार बाहेर लव होऊन बसतात. ती ब्रशने झाडता येते, तिचा धोका कमी. वारं जोराचं असलं की पाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच आत सुकतं आणि स्फटिक दगडाच्या आतच, काही मिलिमीटर खोल वाढतात. स्फटिक आणि छिद्राची भिंत यांच्यात पाण्याचा अतिपातळ थर टिकून राहतो. त्यातून क्षाराचे नवे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, येत राहतात, म्हणून भिंतीला टेकल्यावरही स्फटिक वाढतो आणि तिला ढकलतो.

सगळ्यात घातक सोडियम सल्फेट. 32.4 अंश सेल्सियसखाली संपृक्त, म्हणजे आणखी क्षार मावणार नाही अशा द्रावणातून त्याचे जे स्फटिक स्थिर राहतात, त्यांच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दहा रेणू असतात. कोरड्या हवेत ते पाणी निघून जातं आणि मागे कोरडी पूड उरते. पुन्हा ओल आली की पूड झपाट्याने विरघळते आणि दहा-पाणी रूपाच्या हिशेबाने द्रावणात मावेल त्याहून जास्त क्षार होतो, ते अतिसंपृक्त होतं. मग त्यातून एकदम मोठे स्फटिक पडतात. त्यांचं आकारमान कोरड्या रूपाच्या चौपटीहून जास्त. दाब 10 मेगापास्कलच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 100 किलो. ताणाखाली बरेचसे मऊ दगड त्याच्या निम्म्यातच तुटतात. म्हणून दगड वाळताना जितका फुटत नाही, तितका पुन्हा भिजताना फुटतो. टिकाऊपणाच्या प्रमाणित चाचणीत हेच घडवतात. दगडाचे ठोकळे 14 टक्के सोडियम सल्फेटच्या द्रावणात 2 तास बुडवायचे, 105 अंशांवर वाळवायचे, आणि असं 15 वेळा. कच्चा दगड त्याआधीच वाळू होऊन तळाशी बसतो.

म्हणूनच कुंडाची भेग सिमेंटने बुजवू नये. सिमेंट सोडियमचे क्षार सोडतं आणि स्वतः पाणी जाऊ देत नाही. मग सगळी ओल शेजारच्या जुन्या दगडातून बाहेर पडते आणि तोच झिजतो. चुन्याचा गारा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, तो आधी झिजतो आणि दगड वाचतो. गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकाचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला, तेव्हापासून तिथला जांभा पावसाचा मारा थेट सोसतो आहे.

क्षार काढायचे तर पाण्याचा फवारा मारू नये, ते आणखी खोल जातात. आधी लव मऊ ब्रशने कोरडीच झाडून उचलायची. मग कागदाचा लगदा, केओलिन ही पांढरी चिनी माती आणि धुतलेली वाळू क्षारमुक्त पाण्यात कालवून 1 ते 2 सेंटिमीटर जाडीचा लेप द्यायचा. मातीची छिद्रं दगडाच्या छिद्रांहून बारीक हवीत, तरच वाळताना ओढ लेपाकडे राहते. नुसता लगदा वापरला तर ती दगडाकडेच राहते. वाळूमुळे लेप आकसून सुटत नाही. लेप वाळला की काढायचा, त्याचा मोजून घेतलेला तुकडा क्षारमुक्त पाण्यात भिजवायचा आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची; क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त. लेपामागून लेप द्यायचे. आकडा घसरायचा थांबला की थांबायचं.

कुंड सरळ उचलून आत ठेवावं, हा सल्ला सगळ्यात सहज दिला जातो. पण साधं मीठ सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. तोच तो घाम. आर्द्रता त्याखाली उतरली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. उघड्यावर सतत ओला राहिलेला दगड थंडीत शेकोटीसारख्या तापवलेल्या खोलीत आणला, तर शतकानुशतकं विरघळून राहिलेलं मीठ काही आठवड्यांत आतल्या आत स्फटिक बनतं आणि कोरीव कमानी भुगा होऊन पायाशी पडतात. म्हणून आधी लेप द्यायचा, मग दगड सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला काही महिने हळू वाळू द्यायचा. नंतर आत आणून शिशाच्या पत्र्यावर ठेवायचा, म्हणजे फरशीतली ओल चढत नाही. खोलीतल्या आर्द्रतेची नोंद तासातासाला घ्यायची आणि ती 75 ची रेषा पुन्हापुन्हा ओलांडणार नाही एवढं सांभाळायचं.