यवतच्या डासात काय होतं?

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की तासाभरात यवत येतं. चहाला थांबण्यापलीकडे बहुतेकांचा या गावाशी संबंध येत नाही. विषाणूशास्त्राच्या कागदपत्रांत मात्र यवतला स्वतःची जागा आहे. २००० साली इथल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला. त्या वेळी देशात या तापाची साथ नव्हती. हा आजार इथून गेला, असंच सगळे धरून चालले होते.

तसं धरायला कारणही होतं. १९६३ मध्ये तो कोलकात्यात आढळला, पुढच्या दहा वर्षांत मद्रास, नागपूर करत १९७३ मध्ये बार्शीला पोचला. बार्शीत शंभरातली ३७ माणसं तापली, म्हणजे पाच जणांच्या घरात जवळपास दोघं अंथरुणावर. आणि मग सामसूम. सुमारे ३२ वर्षं साथ म्हणून नाही. आफ्रिकेत हा विषाणू जंगलातली माकडं आणि रानातले डास यांच्यात फिरत राहतो, त्यामुळे माणसांतली साथ संपली तरी त्याचं बस्तान उठत नाही. आपल्याकडे त्याची मदार मुख्यतः माणसांवरच. एकदा ताप येऊन गेलेल्याला बहुधा तो पुन्हा होत नाही. गावातल्या पुरेशा लोकांना होऊन गेला की विषाणूला नवं माणूस सापडेनासं होतं. पण तीन दशकांत एक अख्खी पिढी नव्याने जन्मलेली असते, जिच्या रक्ताने हा विषाणू कधी पाहिलेलाच नाही.

२००५ च्या अखेरीस तो आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात उसळला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे धरायचे ते काहींचे महिनोन्‌महिने. धडधाकट माणसं सकाळी भिंत धरून उठत होती. टांझानियातल्या माकोंडे भाषेत ‘चिकुनगुन्या’ म्हणजे वाकवून टाकणारा. नाव अगदी चपखल. आपल्याकडे मात्र त्यातलं ‘चिकन’ तेवढं ऐकू आलं. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या होत्या, मग काय, बिचारी कोंबडी नाहक बदनाम झाली.

साथीनंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या (एनआयव्ही) शास्त्रज्ञांनी जुने आणि नवे विषाणू शेजारी ठेवून त्यांचे जनुकक्रम ताडून पाहिले. १९६३ आणि १९७३ चे विषाणू आशियाई वंशाचे निघाले, तर २००६ चे आफ्रिकी वंशाचे. म्हणजे जुना पाहुणा परतला नव्हता, दुसऱ्याच घराण्यातला कुणी आला होता. आणि यवतचा? तोही आफ्रिकी! साथ भडकण्याच्या पाच वर्षं आधी हा वंश सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात, डासाच्या पोटात हजर होता. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. आपली यंत्रणा रुग्णांच्या रांगा लागल्यावर जागी होते, आणि विषाणू त्याआधीच घर करून बसलेला असतो.

तो स्वतःला बदलतोही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये जवळपास एक तृतीयांश लोकांना चिकुनगुन्या झाला. तिथल्या विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६ व्या जागेवरचं फक्त एक अमिनो आम्ल बदललं होतं. तेवढ्याने तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात सहज वाढू लागला. हाच बदल पुढे २००७ मध्ये केरळात दिसला, जिथे रबराच्या मळ्यात चीक गोळा करायला टांगलेल्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं आणि तिथे या डासाची चंगळ असते.

मग २०२१ चा जुलै. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये तापाचे रुग्ण वाढले म्हणून एनआयव्हीच्या पथकाने ४१ जणांचे नमुने घेतले. २५ चिकुनगुन्याचे, तीन डेंग्यूचे आणि एक झिकाचा. महाराष्ट्रातला हा पहिला झिका रुग्ण. त्याच रुग्णाला चिकुनगुन्याही होता. तिन्ही आजार पसरवणारा डास एकच, सुरुवातीची लक्षणंही मिळतीजुळती. त्यात झिकाची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, मग ते दवाखान्यात येतील कशाला? पण गर्भवतीला लागण झाली तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, हे २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली तेव्हा जगाला कळलं.

रुग्ण सापडला की गल्लीत धुराचं यंत्र फिरतं. आवाज मोठा, धूर दाट, फोटोही छान येतात. त्याने उडते डास काही मरतात, अळ्यांना मात्र धक्का लागत नाही. शिवाय एडिसची मादी बहुधा घरातच, कपाटामागे किंवा कपड्यांआड बसलेली असते. खरं काम आशाताई करतात, टॉर्च घेऊन रांजणात डोकावण्याचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची. भांडं नुसतं उपडं करून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून आतून घासायचं.

पण जिथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथल्या बाईला बॅरल रिकामं करा म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने? ती उलट विचारते, ‘हे ओतून दिलं तर उद्या चुलीवर काय चढवू?’ तेव्हा आशाताई वाद घालत नाहीत. बॅरलवर जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधायला सांगतात आणि वापरायच्या पाण्याच्या हौदात चार गप्पी मासे सोडून पुढच्या घराकडे वळतात.