दीड लाख किलोमीटर झालेल्या पिकअपचं गिअर ऑइल बदलायचं नाही?

'जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल बदललं की गिअर घसरतात,' हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. गिअर घसरणं म्हणजे इंजिन जोरात फिरतं, पण गाडी तेवढी ओढत नाही. खरं तर बहुतेक वेळा गिअर आधीच घसरत असतात, म्हणूनच लोक ऑइल बदलायला जातात. क्लच प्लेट झिजल्या असतील तर नवं ऑइल त्या भरून काढत नाही, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

धोका आहे तो मशीन लावून दाबाने फ्लश करण्यात. साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला ऑइल वळवणाऱ्या भागात) अडकू शकतो. म्हणून नुसतं ड्रेन करा, म्हणजे खालचा बोल्ट उघडून ऑइल आपोआप वाहू द्या. आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा उघडा. निघालेलं ऑइल मोजा, तेवढंच भरा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल आतच राहतं, त्यामुळे एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच बदलतं. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा करा.

ऑइल तपकिरी असेल तर बदला. गिअरबॉक्समध्ये धातूचा चुरा धरणारं चुंबक असतं, त्यावर बारीक राखाडी लेप चालतो; धातूचे तुकडे किंवा करपट वास आला तर आधी गिअरबॉक्स तपासून घ्या. ग्रेड मॅन्युअलमधलीच हवी: टोयोटाच्या हायलक्स ऑटोमॅटिक पिकअपला टोयोटा डब्ल्यूएस ऑइल. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नसलेल्या गिअरबॉक्सची पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून बघतात.