बीपीच्या गोळीतून आलेलं केसाचं औषध : मिनॉक्सिडिलची मागची गोष्ट

मागच्या मे मधली गोष्ट. सक्करदऱ्याच्या एका मेडिकलवर बाबांच्या गोळ्या घ्यायला उभा होतो, पारा 45 च्या वर, आणि बाजूला एक पोट्टा, बावीस-तेवीसचा असेल, डोक्यावर टोपी घट्ट ओढलेली. हळूच म्हणे, "भाऊ, ते पाच टक्केवालं द्या ना." आता काउंटरवरचे भाऊ पडले नागपूरचे, ते कशाला हळू बोलतात, "कोणतं बे, केसाचं का?" अख्ख्या दुकानानं मान वळवली. पोट्ट्यानं पैसे दिले, बाटली खिशात कोंबली, अन् खोका आणि आतला कागद तिथंच टाकून गाडीला किक मारली. घरी कोणाला दिसू नये म्हणून असेल, मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं.

गोळ्या काढून होईपर्यंत तो कागद वाचत बसलो. मुंगीएवढी अक्षरं. हृदयाचा त्रास असेल, बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, छातीत दुखलं, धडधड वाढली, चक्कर आली तर लावणं थांबवा. डोक्याला लावायच्या पाण्यात छातीचं काय काम, असं कोणालाही वाटेल. पण या औषधाची सगळी कुंडली त्याच दोन ओळींत आहे.

कारण हे औषध टकलासाठी कोणी शोधलंच नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे, तिथं अपजॉन ही औषध कंपनी होती. 1950 च्या दशकाच्या शेवटी ते लोक पोटातल्या अल्सरवर औषध शोधत होते. कुत्र्यांवर प्रयोग केले, अल्सरला काडीचाही फरक नाही, पण रक्तवाहिन्या मात्र सैल होऊन रुंदावतात असं दिसलं. म्हणजे बीपी उतरतं. मग कंपनीनं अल्सर सोडला आणि त्याच रसायनाची भावंडं बनवायला घेतली, दोनशेच्या वर बनवली, त्यातलंच एक 1963 मधलं मिनॉक्सिडिल. बीपी असं उतरवायचं की बाकी औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटवर पण चालायचं.

पुढचं खरं नाट्य कोलोरॅडो विद्यापीठात झालं. तिथं चार्ल्स चिडसी नावाचे डॉक्टर बीपीच्या पेशंटना ही गोळी देऊन बघत होते, आणि पेशंटच्या अंगावर केस यायला लागले. नुसते इकडं तिकडं दोन-चार नाही बरं का, कानशिलावर, दोन भुवयांच्या मध्ये, मग हातावर, पाठीवर. गोळीच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की घेणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांना हे होतं, तेही तीन ते सहा आठवड्यांत. बायांचे हाल विचारू नका, बीपी नॉर्मल पण चेहऱ्यावर लव.

चिडसींनी त्वचाविभागातल्या गुंटर कान्ह यांना विचारलं की हे काय होऊन राहिलं. कान्ह मूळचे जर्मनीतल्या ट्रिअरचे, ज्यू कुटुंब, हिटलरच्या काळात लहानपणीच देश सोडावा लागलेला. त्यांच्या हाताखाली पॉल ग्रँट हा शिकाऊ डॉक्टर होता. दोघांनी विचार केला की गोळी पोटात गेल्यावर सगळ्या अंगावर केस येतात, तर नुसतं कातडीवर चोळलं तर तेवढ्याच जागी येतील का? आणि 1971 च्या सुमारास मिनॉक्सिडिलचं पाणी बनवून स्वतःच्याच हातावर चोळायला लागले. ग्रँटच्या हातावर तेवढ्या जागी केस आले. मला या अख्ख्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात आवडतो, ना फंड ना मोठी लॅब, दोन माणसं आणि त्यांचे दंड.

कंपनीला मात्र हे काही रुचलं नाही. औषध आमचं, तुम्ही परस्पर प्रयोग कसे केले, असा तो प्रकार, आणि शोध नेमका कोणाचा यावरून पेटंटचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी कान्ह यांचं नाव शोधकर्त्यांत लागलं आणि विक्रीतला वाटाही मिळाला. 2014 मध्ये ते वारले.

गोळीला 1979 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, नाव लोनिटेन, फक्त हट्टी बीपीसाठी, आणि तीही कडक इशाऱ्यासकट, कारण अंगात पाणी साचतं, हृदयाभोवती पाणी होऊ शकतं, ठोके वाढतात. म्हणून सोबत लघवीची गोळी आणि ठोके आवरणारी गोळी द्यायचा नियमच होता. पण बातमी लपते का हो, केस येतात म्हटल्यावर लोक डॉक्टरांकडं धावले आणि कित्येक ठिकाणी गोळ्या कुटून, त्याचं पाणी करून डोक्याला चोळणं सुरू झालं, मंजुरी-बिंजुरीची वाट कोण बघतो. डोक्याला लावायच्या 2 टक्क्यांच्या पाण्याला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी आली ऑगस्ट 1988 मध्ये, पुरुषांसाठी. बायांसाठी 1991 मध्ये.

नावाचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. कंपनीला ठेवायचं होतं रिगेन, म्हणजे सरळ अर्थ, गेलेलं परत मिळवा. एफडीए म्हणे, असं नाव चालणार नाही, सगळ्यांचे केस परत येतात असा समज होईल. मग एक अक्षर फिरवून रोगेन केलं. ब्रिटन-युरोपात रिगेनच राहिलं. तिकडं एका अक्षरावर अडले, अन् इथं मेडिकलवाले भाऊ बिनधास्त सांगून मोकळे, "लाव बे, सहा महिन्यात जंगल होते."

1996 मध्ये अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय मिळायला लागलं, दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त माल आले, 1997 मध्ये 5 टक्के आलं. 2 चांगलं की 5, यावर 393 पुरुषांवर 48 आठवड्यांचा अभ्यास झालाय, त्यात 5 टक्केवाल्यांत 2 टक्केवाल्यांपेक्षा 45 टक्के जास्त केस आले, खाजही जास्त आली. त्या खाजेचं खापर बरेचदा औषधावर फुटतं पण कारण असतं प्रोपिलीन ग्लायकॉल, ज्यात औषध विरघळवतात ते. चिकटपणा त्याचाच. म्हणून 2006 मध्ये फोम आला, त्यात ते नसतं. नागपूरच्या मे महिन्यात पाणीवालं लावून वर हेल्मेट घालून वर्धा रोडनं जाऊन बघा एकदा, फोमचे जास्तीचे पैसे का द्यायचे ते आपोआप समजते. आपल्याकडं मिन्टॉप, ट्यूगेन अशा नावांनी मिळतं, आत माल तोच.

आता हे चालतं कसं. बरेच दिवस सगळे म्हणायचे की रक्तवाहिन्या रुंदावतात, मुळांना रक्त जास्त मिळतं, खलास. पण तेवढंच असतं तर बीपीच्या इतर कितीतरी गोळ्यांनी केस यायला हवे होते, ते काही येत नाहीत. पुढं कळलं की मिनॉक्सिडिल स्वतः फारसं काही करत नाही, केसाच्या मुळाशी एक एन्झाइम असतं, ते याचं मिनॉक्सिडिल सल्फेट बनवतं आणि काम ते करतं, पेशींवरची पोटॅशियमची दारं उघडतं. हे एन्झाइम कोणात भरपूर, कोणात कमी. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांत एकाचं डोकं भरतं आणि दुसरा वर्षभर नुसता बाटल्या रिकाम्या करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ते आराम करणाऱ्या केसांची सुट्टी कमी करतं. मुळं लवकर कामाला लागतात, नवा केस खालून ढकलतो आणि जुना गळतो. पहिल्या दोन महिन्यांत उशीवर केसच केस दिसतात ते याच्यामुळं, आणि नेमकं तेव्हाच अर्धे लोक घाबरून सोडून देतात. मी पण सोडणारच होतो. धंतोलीतल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गळतंय म्हणजे पोचलंय, थांबा जरा." थांबलो म्हणून थोडंफार वाचलं.

पण मूळ रोगाला हे हात लावत नाही हे कोणी सांगत नाही. पुरुषांचं टक्कल हार्मोनमुळं पडतं, 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की वयात यायच्या आधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर त्यांच्यातल्या काहींना पडायला लागतं. मिनॉक्सिडिलचा त्या हार्मोनशी काही संबंध नाही, ते अपघातानं सापडलेलं खत आहे, कीड मारायचं औषध नाही. खत बंद, पीक बंद. मी लॉकडाउनमध्ये सोडून दिलं, म्हटलं घरात कोण बघतंय, चार महिन्यांत जमवलेलं सगळं बाथरूमच्या जाळीत.

त्याच्या आधी काय होतं? इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षं जुन्या एबर्स पपायरसमध्ये सिंह, पाणघोडा, मगर यांची चरबी चोळायचा नुस्खा आहे. आपल्याकडं आयुर्वेदात केस जाण्याला खालित्य आणि इंद्रलुप्त असे वेगळे शब्द, आणि आजीचं माक्याचं तेल. आजीच्या तेलाबद्दल वाईट बोलणार नाही, डोकं थंड राहते. पण औषध म्हणून टक्कल बरं करायचा दावा करण्यावर आपल्या औषध नियमांच्या शेड्यूल जे नं बंदी आहे, टक्कल त्या यादीत नावानिशी आहे. तरी भिंती बघा जाहिरातींनी भरलेल्या.

आणि सगळं केस गळणं एक नसतं. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच विदर्भात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये बाया-माणसांचे, पोरांचे पण केस अचानक मुठीत यायला लागले होते, आठवत असेल. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडं बोट दाखवलं. तेव्हा मला गावाकडून दोन फोन आले, "ते तुमचं पाणी पाठवून द्या." अरे बाप्पा, त्याचा इथं काय उपयोग.

2019 मध्ये स्पेनमध्ये तर कमालच झाली. किमान 17 लहान मुलांच्या अंगभर केस उगवले. शोध घेतला तर आम्लपित्ताच्या औषधाच्या जागी त्यांच्या पोटात मिनॉक्सिडिल गेलं होतं, कच्च्या मालातच अदलाबदल. औषध बंद केल्यावर केस गेले. अल्सरसाठी सुरुवात झालेलं रसायन साठ वर्षांनी चुकून परत पोटाच्या औषधाच्या बाटलीत शिरलं, आता याला काय म्हणावं.

आणि आता गोळी पण परत आलीय. बीपीला दिवसाला 10 ते 40 मिलिग्रॅम लागायची, केसांसाठी डॉक्टर 5 च्या आतच देतात, कधी पाव मिलिग्रॅमसुद्धा. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पेपरात त्यावर लेख आला आणि सगळीकडं मागणी वाढली. केसांसाठी या गोळीला एफडीएची मंजुरी नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात.

त्या दिवशी कागद परत करताना मेडिकलवाले भाऊ म्हणाले, "आता तर लोक डायरेक्ट गोळीच मागतात, चोळायचा पण कंटाळा." तेवढ्यात खरंच एक जण आला, मोबाइलवर फोटो दाखवला गोळीचा. भाऊंनी विचारलं, "चिठ्ठी आहे का? बीपी तपासलं का कधी?"

"बीपी काहून तपासू? मले केसाचं पाहिजे."