बिनबियांचं टरबूज: फळ लागायच्या आधी रोप कसं ओळखतो

इंदूर आणि निमाडच्या आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी

नर्सरीत आलं की बरेच जण पहिलं हेच विचारतात, फळ लागलं नाही तर सीडलेस आहे हे तुम्हाला कळतं कसं? रास्त प्रश्न आहे, बी महाग असतं आणि रोप चुकीचं निघालं तर अख्खा सीझन जातो.

साध्या टरबुजाच्या पेशीत क्रोमोसोम, म्हणजे गुणधर्म वाहून नेणारे धागे, 22. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर कोल्चिसिन या औषधाचा थेंब टाकला की क्रोमोसोम डबल होतात पण पेशी दुभंगत नाही, मग 44 वालं, म्हणजे टेट्राप्लॉइड झाड मिळतं. ते मादी आणि साधं 22 वालं नर घेतलं की बी येतं 33 चं, त्या बीपासून आलेल्या झाडात 33 क्रोमोसोमच्या नीट जोड्या लागत नाहीत म्हणून त्याच्या फळात बी भरत नाही. जपानच्या हितोशी किहारांनी ही पद्धत बसवली, 1951 मधे पेपर छापला.

खरी मेख पुढे आहे. औषध लावलेलं प्रत्येक रोप डबल होत नाही, बरीचशी तशीच राहतात, काही मरतात, काही अर्धवट होतात. जाड पान, मोठं फूल बघून अंदाज येतो पण आम्ही त्यावर भरवसा ठेवत नाही कारण औषधाच्या झटक्यानेही पान जाड, वेडंवाकडं येतं. म्हणून पानाच्या खालच्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलून मायक्रोस्कोपखाली बघतो. रंध्राच्या, म्हणजे पानाच्या श्वास घ्यायच्या बारीक छिद्राच्या, दोन्ही बाजूंना एकेक पेशी असते, तिच्यातले हिरवे कण मोजायचे, साध्या झाडात एका पेशीत 5-6 आणि टेट्राप्लॉइडमधे साधारण 10 ते 14.

पण हे झालं फक्त वरच्या थराचं. शेंड्यात तीन थर असतात, रंध्रं पहिल्यातून येतात आणि पराग-बीजांड दुसऱ्यातून, त्यामुळे वरून 44 आणि आतून 22 असं झाडही निघतं, आणि त्याची मुळं तपासून काही उपयोग नाही, औषध शेंड्याला लावलंय, मुळं 22 चीच राहणार. म्हणून त्या झाडाचं बी पेरून पुढच्या पिढीत परत तपासतो, तेव्हा मात्र मुळाच्या टोकातले क्रोमोसोम मोजले की पक्कं कळतं, किंवा फ्लो सायटोमीटर नावाच्या मशीनवर पेशीतला डीएनए मोजतात. वेळ लागतो, पण त्याआधी आई-झाड म्हणून वापरणं आम्हाला पटत नाही.

आणि हो, सीडलेस म्हणजे क्रोमोसोम जास्तच असं नाही. आपलं बाजारातलं केळं 33 वालं आहे, पण थॉम्पसन द्राक्ष साधंच आहे, त्यात बी धरतं आणि अर्ध्यात वाढ थांबते.

शेतात एक विसरू नका, 33 वाल्याचे पराग कामाचे नसतात, म्हणून साधारण तीन-चार रोपांमागे एक साधं टरबूज लावाच आणि फुलोऱ्यात मधमाश्या असताना फवारणी टाळा, नाहीतर फळच धरणार नाही. फळात पांढरी मऊ टरफलं दिसली तर ती रिकामी असतात, खाताना त्रास नाही.

तुमच्याकडच्या रोपाची शंका असेल तर कोवळं पण पूर्ण उघडलेलं पान सकाळी तोडून ओल्या कापडात गुंडाळून आणा, बर्फात ठेवू नका, गोठलेल्या पानाचा पापुद्रा नीट निघत नाही.