ढगांच्या वर जायचं, पण ढगांतूनच

20 मे 1927 च्या रात्री अटलांटिकवर, दहा हजार फुटांच्या आसपास, वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग एका प्रचंड ढगात शिरला. टॉर्च बाहेर रोखून पाहतो तर पंखाच्या आधारदांड्यावर बर्फ चमकतोय. त्याने मुकाट्याने विमान वळवलं आणि ढगाबाहेर काढलं.

ढगातलं पाणी शून्याखालीही बराच वेळ पाणीच राहतं, आणि विमानाला टेकताक्षणी गोठतं. शून्य ते उणे वीस अंशांचा पट्टा सर्वांत वाईट. न्यूयॉर्क–शिकागो टपाल नेणाऱ्या वैमानिकांना ॲलेगेनीच्या डोंगरांवर याचा हिसका बसला होताच. विमान बर्फाच्या ओझ्याने पडतं, असा तेव्हाचा समज. 1928 च्या सुमारास अमेरिकेच्या ‘नाका’ (NACA) या विमानविद्या संशोधन संस्थेच्या लँग्ली प्रयोगशाळेतले कॅरोल आणि मॅकव्हॉय मुद्दाम अशा ढगांत विमान घेऊन गेले, तेव्हा कळलं की वजनापेक्षा घात करतो तो पंखाचा बिघडलेला आकार. खरखरीत पातळ थरही पुरतो.

उपाय काढला विल्यम गीअर या गुडरिच कंपनीतून निवृत्त झालेल्या रसायनतज्ज्ञाने. आधी रबराला तेल चोपडून बर्फ घसरतो का ते पाहिलं. मग पंखाच्या पुढच्या कडेवर हवेने फुगणाऱ्या रबरी नळ्या, म्हणजे ‘बूट’, बसवल्या. नळी फुगली की बर्फ तडकतो, वारा तो उडवून नेतो. 1930 मध्ये टपाल-विमानावर चाचणी झाली. याच ‘बुटां’बद्दल ‘बर्फ जाड होईपर्यंत थांबा’ हा सल्ला पुढे कित्येक दशकं चालला. आधुनिक बुटांना तो लागू नाही. इंग्रजांनी दुसरी वाट धरली: सच्छिद्र पट्टीतून ग्लायकोल, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव, पाझरवायचं. छान उपाय, पण टाकीत द्रव असेपर्यंतच.

मग वरूनच का जाऊ नये? अठरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो, साधं इंजिन तिथे धापा टाकतं. 1960 च्या दशकात छोट्या विमानांना टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे पंप, मिळू लागले. 1978 ची सेस्ना पी-210 आणि 1984 ची पायपर मालिबू यांच्या केबिनमध्ये हवेचा दाबही राखलेला. मालिबू पंचवीस हजार फुटांपर्यंत जाई.

गोम मात्र चढण्यातच आहे. हिवाळी थरांच्या ढगात सर्वाधिक पाणी असतं ते माथ्याजवळ. सुटकेला शेवटचे हजारभर फूट उरलेले असताना विमान जड झालेलं, वेग उतरलेला. म्हणून नाक आणखी वर करावं, तर पंखाच्या पोटाला बर्फ धरतो, जिथे बूट नसतो. त्यामुळे जाणता वैमानिक निघण्यापूर्वीच दोन गोष्टी विचारतो: माथा किती उंचीवर आहे आणि खाली उबदार हवा आहे का. डोंगर आड येत नसतील तर बहुतेकदा खालीच सुटका असते.

बुटांवरचा भरवसा हलला तो 31 ऑक्टोबर 1994 ला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या रोझलॉनजवळ एटीआर-72 हे प्रवासी विमान कोसळलं, 68 जण गेले. थेंब नेहमीपेक्षा मोठे होते; ते मागे वाहत जाऊन बुटाच्या पलीकडे गोठले. अमेरिकेत मोठ्या विमानांच्या प्रमाणीकरणाच्या नियमांत हे मोठे थेंब आले 2014 मध्ये.