लाल कानाचे कासव : पाळण्यापूर्वीची तयारी

लाल कानाचे कासव (रेड-इअर्ड स्लायडर, शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स) हे गोड्या पाण्यातले कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. डोळ्यामागच्या लाल पट्ट्यावरून हे नाव पडले. तो पट्टा म्हणजे कान नव्हे. भारतात पाळीव मासे विकणाऱ्या दुकानांत ते सहज मिळते. रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे हिरवेगार पिल्लू, मधोमध प्लॅस्टिकचा माड असलेला उथळ ट्रे आणि वाळवलेल्या कोळंबीची डबी असा सगळा संच दुकानदार हातात देतो. यातले पिल्लू सोडले तर बाकी काहीही उपयोगाचे नाही.

ते कासव लहान राहत नाही. मादीचे कवच २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, नराचे त्याहून कमी. नीट ठेवलेले कासव २० ते ३० वर्षे जगते, म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टाखातर आणलेले कासव त्या मुलाच्या लग्नानंतरही घरात असते. ‘टाकी जेवढी तेवढेच कासव वाढते’ ही समजूत चुकीची आहे. कोंडलेले कासव वाढायचे थांबत नाही, त्याचे कवच वेडेवाकडे होते.

भारतीय कासवांच्या बाबतीत कायदा कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतली कासवे पकडणे, विकणे वा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. तारा कासव २०१९ पासून साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टातही आहे. ‘पत्रिकेत दोष आहे, तारा कासव ठेवा’ असा सल्ला मिळाला तरी तो पाळू नये.

टाकी कासवाच्या आधी घरात यावी. कवचाच्या दर सेंटिमीटरमागे साधारण १५ लिटर पाणी असा ठोकताळा आहे. २५ सेंटिमीटरच्या मादीला त्यामुळे पावणेचारशे लिटरच्या आसपास पाणी लागते. भरलेली टाकी चारशे किलोंवर जाते, तेव्हा सज्ज्याची किंवा लाकडी टेबलाची ताकद आधीच तपासावी. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट असावी, म्हणजे उलटे पडलेले कासव पाण्यात स्वतःला सरळ करू शकते. तळाशी बारीक खडे घालू नयेत. कासव ते गिळते आणि आतडे तुंबते. घालायचेच असतील तर त्याच्या डोक्याहून मोठे गोटे घालावेत.

फिल्टर माशांच्या टाकीसाठी सांगितलेल्या क्षमतेच्या दुप्पट-तिप्पट घ्यावा, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करते. तो महिना-दीड महिना आधी सुरू करून पाण्यात थोडे मत्स्यखाद्य टाकत राहिले की ते कुजून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. नगरपालिकेच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंना मारते, म्हणून पाणी दिवसभर उघडे ठेवून किंवा क्लोरीन काढणारे द्रावण घालून मगच वापरावे. दर आठवड्याला पाव ते निम्मे पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलून फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला, की महिनाभराची मेहनत वाया जाते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या प्रकाशाच्या बाबतीत. कासवाला पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होता येईल असा उंचवटा हवा आणि त्यावर दोन वेगळे दिवे हवेत: एक ऊब देणारा, ज्याखाली ३० ते ३५ अंश सेल्सियस तापमान राहील, आणि दुसरा यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील (यूव्हीबी) किरण देणारी. यूव्हीबीशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि कवच बोटाने दाबले जाईल इतके मऊ पडते. काच यूव्हीबी अडवते, म्हणून खिडकीतून आलेले ऊन त्यासाठी निरुपयोगी. नळी दिसायला पेटत राहते, पण तिचे यूव्हीबी सहा ते बारा महिन्यांत घटते. बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. ७५ वॉटचा ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबी नळी रोज बारा तास चालवली, तर दिवसाला एक युनिटच्या आसपास वीज जाते.

सकाळचे कोवळे ऊन उत्तमच, पण काचेच्या टाकीत ठेवून नव्हे. ती भट्टीसारखी तापते. अर्धी सावली असलेला टब, वर जाळी आणि जवळ माणूस असे तिन्ही हवे. कावळे आणि घारी पिल्ले उचलतात, आणि गॅलरीच्या कठड्यावरून कासवेही पडतात.

पाणी २४ ते २७ अंश ठेवावे. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो. काचेचा असेल तर त्याला जाळीचे संरक्षण हवे, कासव धडका देऊन तो फोडते. उन्हाळ्यात उलटी अडचण: पाणी उंचवट्याइतकेच गरम झाले, तर कासव बाहेर येऊन कोरडे होत नाही.

पिल्लाला रोज कासवांसाठीच्या खाद्याच्या गोळ्या, सगळ्या मिळून त्याच्या डोक्याच्या आकारमानाइतक्या, पुरतात. प्रौढ कासवाला त्या एक दिवसाआड आणि रोज हिरवे: जास्वंदीची पाने, लेट्यूस, किसलेले गाजर, लाल भोपळा. जलपर्णीही खाते, पण मुळा-मुठेसारख्या प्रदूषित नदीतली आणू नये, ती पाण्यातले जड धातू शोषते. नुसत्या वाळवलेल्या कोळंबीवर वाढवलेल्या पिल्लात अ जीवनसत्त्व कमी पडते आणि पापण्या सुजून डोळे मिटतात. न दिसल्याने ते खात नाही, आणि घरचे ‘रुसलंय’ म्हणत बसतात.

तिरके तरंगणे, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास ही न्यूमोनियाची लक्षणे. कासवांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा. कुत्र्या-गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध कासवाला मारक ठरते. मादी नराशिवायही अंडी घालते. तिला उकरायला ओलसर मातीची जागा मिळाली नाही, तर अंडी आत अडकून ती दगावू शकते.

निरोगी दिसणारे कासवही माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू बाळगू शकते. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊ नये.

नको झालेले कासव देवळाच्या तळ्यात किंवा विहिरीत सोडण्याची पद्धत आहे. ते तिथे मरत नाही, उलट स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. ठेवणे अशक्य झाले, तर ते प्राणी-बचाव संस्थेकडे किंवा टाकी तयार असलेल्या दुसऱ्या पालकाकडेच द्यावे.