सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी घरी का सोडत नाहीत?

खड्ड्यात बाइक आदळते आणि हँडलचं टोक पोटात बसतं. कातडीवर फक्त एक गोल वळ. असा मुका मार मुंबईतल्या कुठल्याही कॅज्युअल्टीला नवा नाही. सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, मग नेऊ का घरी?"

आत काय फाटलंय, त्यावर ते ठरतं. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली, तर रक्त वाहतं. नाडी धावते, बीपी उतरतं, पेशंट पांढराफटक पडतो, कधी डावा खांदा दुखतो. साचलेलं रक्त सोनोग्राफीत बहुधा लगेच दिसतं. घाबरवणारं प्रकरण, तरी बीपी स्थिर असेल, तर पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही. झोपवून ठेवतात, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा तपासतात.

लहान आतड्याचं नेमकं उलटं. हँडल किंवा सीटबेल्ट त्याला मणक्यावर दाबतो, आतला दाब वाढतो आणि भोक पडतं. झिरपणारा रस जठरातल्या आम्लासारखा जळजळीत नसतो, त्यात जंतूही मोठ्या आतड्यापेक्षा कमी. त्यामुळे पहिले काही तास पोट फारशी तक्रार करत नाही. सोनोग्राफीला भोक दिसत नाही, एक्स-रेत मोकळी हवा दिसेलच असं नाही, आणि अगदी लवकर काढलेला सीटी स्कॅनही चकवू शकतो. सीटीत प्लीहा-यकृत शाबूत आणि तरी पोटात पाणी, हे दिसलं की सर्जन सावध होतो.

मग काम हाताचं. शक्यतो एकच डॉक्टर दर काही तासांनी पोट दाबून बघतो. दुखणं वाढतंय, पोट पाटासारखं कडक होतंय, नाडी चढतेय, ताप आलाय. अशा वेळी थांबण्यात अर्थ नाही. भोकाला टाके घालतात, नाहीतर खराब तुकडा कापून टोकं जोडतात. उशीर झाला तर जंतुसंसर्ग अंगभर पसरतो.

आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटला, तर मात्र दोन्ही संकटं एकत्र: आधी रक्तस्राव, नंतर रक्ताविना काळं पडलेलं आतडं.

मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना सीटबेल्ट सक्तीचा आहे. तो लावाच, फक्त खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वॉर्डात "भूक लागलीय" म्हणणाऱ्या पेशंटला गेटवरचा वडापाव मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका; ऑपरेशन ठरलं, तर भूल देताना पोट रिकामं लागतं.